सयाजीराव : एका जातिवंत अश्वाची कुळकथा

प्रस्तावना

शर्यतीच्या घोड्याची परीक्षा दोनदा होते. पहिली परीक्षा त्याच्या स्वतःच्या पायांची. ती दोनतीन वर्षांत आटोपते, सहस्रावधी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होते, आणि तिचा निकाल मिनिटे-सेकंदांत मोजून त्याच दिवशी जाहीर होतो. दुसरी परीक्षा त्याच्या संततीची. ती पैदासशाळेच्या कुंपणाआड सुरू होते, तिचा निकाल लागावयास पंधरावीस वर्षे लोटतात, आणि तो लागतो तेव्हा ज्या धन्याने त्या घोड्यावर पैसा ओतला तो धनी अधिकारावर नसतो, ज्या राज्याच्या वैभवावर तो धनी उभा होता ते राज्यही पुष्कळदा नकाशावर उरलेले नसते. १९४४ साली जन्मलेला, बडोद्याचे महाराज श्रीमंत प्रतापसिंहराव गायकवाड यांनी विकत घेऊन आपल्या आजोबांच्या नावाने गौरविलेला 'सयाजीराव' हा थरोब्रेड घोडा या दोन्ही परीक्षांना उतरला, आणि त्याची हकीकत मराठीत सविस्तर यावी अशी इच्छा मनात दीर्घकाळ बाळगल्यानंतर पुढील पृष्ठे लिहिण्याचे मी धाडस केले आहे. ज्या थोर पुरुषाचे नाव या घोड्याला मिळाले त्यांचा उल्लेख या ग्रंथात सर्वत्र 'श्रीमंत सयाजीराव महाराज' असा केला आहे, आणि नुसते 'सयाजीराव' म्हटले असेल तेथे वाचकांनी घोडा समजावा.

हा घोडा इंग्लंडात धावला, परदेशी जॉकीने त्याच्यावर मांड ठोकली, त्याची कीर्ती आयर्लंडच्या कुरणांत वाढली. तथापि मराठी वाचकाने त्याला परका मानण्याचे कारण नाही. गायकवाडांचे घराणे मूळचे पुणे प्रांतातील दावडीचे, आणि त्याचा उत्कर्ष झाला तो घोड्याच्या पाठीवर. पिलाजी आणि दमाजी यांनी गुजराथचा मुलूख काबीज केला तो पागेच्या बळावर, आणि 'सेनाखासखेल समशेर बहाद्दर' हा त्यांचा किताब म्हणजे स्वारांच्या पराक्रमाची सनदच होय. पुढे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावच्या एका शेतकरी भाऊबंदाचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि त्याने चौसष्ट वर्षांच्या कारकिर्दीत त्या संस्थानाची ओळख तलवारीपेक्षा पाटीपेन्सिलीशी अधिक जोडून दिली. अमरेलीत १८९३ मध्ये प्रयोगादाखल आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, गावोगावी ग्रंथालये नेणारे आणि तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी विद्याभ्यासासाठी शिष्यवृत्ती देणारे ते श्रीमंत सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. त्यांच्यामागे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात बसून हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. येथे रेसकोर्स नाही. बालाघाटाच्या पठारावर पावसाचा भरवसा नाही. शेतकऱ्याचा जीव ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांत गुंतलेला. परंतु या मुलखाचा आणि घोड्याचा संबंध समजतो त्यापेक्षा निकटचा आहे. परांडा तालुक्याच्या शिवेवरून वाहणारी सीना पुढे भीमेस मिळते, आणि भीमेच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी निपजणारा बुटका, काटक, मूठभर चंदीवर दिवसभर मजल मारणारा भीमथडी घोडा हा मराठी रिसाल्याचा आधार होता. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांच्याबरोबर धाराशिवचा मुलूख कंपनीकडे लावून देण्यात आला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाच्या तरतुदीसाठी. त्या फौजेत पायदळ व तोफखाना यांच्या जोडीला दोन हजार स्वार ठेवावयाचे होते. म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यात राहून मेडोज टेलर ज्या जिल्ह्याचा कारभार पाहत होते, त्या जिल्ह्याच्या वसुलातून घोड्यांची चंदी, खोगिरे आणि नालबंदी यांचा खर्च भागत होता. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला.

असा घोडा ज्या प्रदेशाने शतकानुशतके सांभाळला, त्या प्रदेशात त्याची जात क्षीण का झाली, हा प्रश्न मला फार वर्षे अस्वस्थ करीत आला आहे, आणि सयाजीरावाच्या चरित्राकडे मी वळलो तो त्या प्रश्नाच्या वाटेनेच. मराठेशाहीत घोड्यांची गणती काटेकोर होत असे. प्रत्येक घोड्याची चेहरेपट्टी लिहिली जाई. रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरेपण, भोवरे, वय आणि किंमत यांची नोंद दप्तरात राही, जेणेकरून शिलेदाराने चांगले जनावर दाखवून ऐनवेळी मरतुकडे तट्टू उभे करू नये. पण त्या नोंदीत घोड्याचे वर्तमान होते, त्याचा वंश नव्हता. तो कोणत्या घोडीचा, त्या घोडीची आई कोण, तिच्या भावंडांनी किती मजल मारली, ही माहिती मोतद्दाराच्या आणि चाबुकस्वाराच्या स्मरणात असे, आणि १८१८ नंतर पागा मोडल्या तेव्हा ते स्मरण माणसांबरोबर गेले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती अगदी अलीकडे, आणि तीही थोडीबहुत जनावरे मेंढपाळ धनगरांच्या तांड्यांबरोबर ओझी वाहत टिकून राहिली म्हणून.

इंग्लंडात याच्या उलट घडले. थरोब्रेडचा पुरुषवंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपाशी जाऊन थांबतो, आणि आजच्या थरोब्रेडांपैकी फार मोठी संख्या १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडात आणलेल्या डार्ली अरेबियनची वंशज आहे. १७९१ मध्ये जेम्स वेदर्बी याने 'जनरल स्टड बुक' या वंशनोंदवहीचा पहिला खर्डा छापला, आणि तेव्हापासून ज्या शिंगराचे आईबाप त्या वहीत नाहीत ते कितीही वेगाने धावले तरी थरोब्रेड ठरत नाही. कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराला आजही त्या वहीत जागा नाही. घोडा व घोडी यांचा प्रत्यक्ष समागम झाला पाहिजे आणि त्याचा दाखला पाहिजे, असा सक्त दंडक आहे. ही वही तोंडी स्वरूपात पाहावयाची असेल तर आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात जावे. उस्मानाबादी शेळी, जी बहुधा काळीभोर असते आणि जुळ्या करडांसाठी देशभर नावाजलेली आहे, ती विकत घेणारा जाणता माणूस शेळीच्या अंगावरून हात फिरवण्याआधी विचारतो तो प्रश्न हाच, की हिची आई किती व्याली, जुळी दिली की एकेक, आणि बोकड कोणाच्या कळपातला. या प्रश्नांची उत्तरे दोनशे वर्षे न चुकता लिहून ठेवली तर जे निर्माण होते, ते थरोब्रेड. आपल्या देशातील थरोब्रेडांची अशी वंशनोंद पुण्याहून होते, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सयाजीरावाचा पिता नेआर्को. इटलीतील फेदेरिको तेझिओ या विलक्षण पैदासकाराने तो निपजवला. चौदा शर्यती धावून चौदाही जिंकल्या. १९३८ साली पॅरिसची ग्रां प्री जिंकताच तो साठ हजार पौंडांना विकला जाऊन न्यूमार्केटला आला, आणि महायुद्धात विमानांतून बाँब पडत असता त्याच्यासाठी जमिनीत स्वतंत्र आश्रयस्थान खोदण्यात आले. माता रोझी लेजेंड. डार्क लेजेंड या घोड्याची मुलगी. सर एरिक ओल्सन यांनी ही घोडी नेआर्कोपासून गाभण असता घेतली, आणि तिच्या पोटी १९४२ मध्ये जे शिंगरू जन्मले ते दान्ते. या दान्तेला वर्षाचा असताना लिलावात उभे केले तेव्हा मालकाने ठरवलेली ३,५०० गिनींची किमान किंमतही कोणी दिली नाही. तो मालकाकडेच राहिला, यॉर्कशायरमध्ये मिडलहॅमच्या तबेल्यात तयार झाला, आणि १९४५ ची डर्बी, जी युद्धामुळे एप्समऐवजी न्यूमार्केटला धावली गेली, ती त्याने जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ वर्षाचे शिंगरू म्हणून लिलावात आला, आणि बडोद्याच्या महाराजांनी त्याच्यासाठी २८,००० गिनी मोजल्या. इंग्लंडातील लिलावात वर्षाच्या शिंगराला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती.

या आकड्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. तेव्हाच्या हुंडणावळीच्या दराने ही रक्कम सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होते. ज्या काळात प्राथमिक शिक्षकाचा मासिक पगार दोन आकडी असे, त्या काळात एका न धावलेल्या शिंगरासाठी एवढी रक्कम द्यावी, आणि त्या शिंगराला ज्यांनी खर्चाच्या पैनपैचा हिशेब ठेवून शाळा काढल्या त्या राजाचे नाव द्यावे, हे मनाला खटकते आणि खटकलेही पाहिजे. पुढे बडोद्याच्या लोकप्रतिनिधींनी महाराजांच्या खर्चावर जे आक्षेप घेतले ते न्याय्य होते असेच माझे मत आहे. परंतु याच प्रतापसिंहरावांनी आजोबांची इच्छा पुरी करीत १९४९ मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन केले, हेही त्याच तराजूत घातले पाहिजे. राहिला घोडा, तो तर कोणाच्याही हिशेबाला उत्तरदायी नाही. त्याने आपल्यावर टाकलेला भार वाहिला.

महाराजांना घोड्यांचा नाद इंग्लंडात लागला नव्हता. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी त्यांचीच, आणि तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. युद्ध संपल्यावर महाराजांनी आपला शर्यतीचा सरंजाम इंग्लंडात हलविला. न्यूमार्केटचे वॉरन प्लेस घेतले. मिडलहॅमचे नामांकित ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग यांना तेथे आणले. ब्रिटलाही बोलावून घेतले. याच वॉरन प्लेसमध्ये पुढे नोएल मर्लेस आणि हेन्री सेसिल या थोर ट्रेनरांनी आपल्या कारकिर्दी घडविल्या. आयर्लंडात किल्डेअर परगण्यात महाराजांच्या नावाशी जोडलेली पैदासशाळा 'बरोडा स्टड' हेच नाव अद्याप मिरविते.

आता १९४७ चा हंगाम. तीन वर्षांच्या घोड्यांसाठी इंग्लंडात ज्या मानाच्या 'क्लासिक' शर्यती आहेत त्यांत टू थाउजंड गिनीज एक मैलाची, डर्बी दीड मैलाची, आणि १७७६ पासून डॉनकॅस्टरला धावली जाणारी, या सर्वांत जुनी अशी सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. अंतर वाढते तसा कस बदलतो. मैलाला वेग पुरतो, लेजरला दम लागतो. गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने आठ लेंथनी बाजी मारली, आणि एवढ्या अंतराने इतरांना मागे टाकणारा घोडा डर्बीही नेणार याविषयी कोणाला शंका राहिली नाही. सयाजीराव त्या शर्यतीत तिसरा आला. नंतर लिंगफील्डची डर्बी ट्रायल त्याने जिंकली, आणि एप्समला उतरला. तेथे ट्यूडर मिन्स्ट्रेलचा दम दीड मैलाला पुरला नाही. चाळीसास एक असा भाव असलेला पर्ल डायव्हर पहिला आला, आगाखानांचा मिगोली दुसरा, सयाजीराव तिसरा, आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा. ज्या आगाखानांनी पुण्यात येरवड्याजवळ तो प्रसिद्ध प्रासाद बांधला त्यांचा घोडा दुसरा आणि बडोदेकर गायकवाडांचा तिसरा, असा हा निकाल पुण्यामुंबईच्या रेसकोर्सवर कसा वाचला गेला असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

दोन मोठ्या शर्यतींत तिसरा आलेला घोडा पुष्कळदा तिसऱ्या क्रमांकाचाच घोडा म्हणून विसरला जातो. सयाजीरावाच्या बाबतीत जाणत्यांनी वेगळे पाहिले. तो उशिरा पिकणारा घोडा होता. थोरल्या भावाची लखलखीत गती त्याच्यात नव्हती. परंतु अंतर संपत आले असता इतर घोडे ज्या क्षणी आखडू लागतात, त्या क्षणी त्याची टाप लांब पडे. जूनमध्ये आयर्लंडातील कराघच्या विस्तीर्ण माळावर आयरिश डर्बी त्याने जिंकली. सप्टेंबरात डॉनकॅस्टरला सेंट लेजरसाठी घोडे उभे राहिले तेव्हा त्याच्यासमोर मिगोली पुन्हा होता, आणि फ्रान्सहून मार्सेल बूसाक यांचा आर्बार आला होता. हा आर्बार सामान्य घोडा नव्हे. पुढच्याच वर्षी त्याने अडीच मैलांचा ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला. पावणेदोन मैलांहून अधिक धावून झाल्यावर सयाजीराव आणि आर्बार निकालाच्या खांबाशी बरोबरीने आले. ब्रिटने घोड्याला सावरून धरले, आणि केवळ मस्तकभर अंतराने सयाजीराव पहिला आला. मिगोली तिसरा. डर्बीत ज्याच्या मागे राहावे लागले त्याला लेजरमध्ये मागे टाकणे, तेही एवढ्या लांब पल्ल्यावर, हाच या घोड्याच्या शर्यतकारकिर्दीचा खरा गाभा आहे. ब्रिटने पुढे इंग्लंडात एकूण सात क्लासिक शर्यती जिंकल्या आणि एकशे तीन वर्षांचे दीर्घायुष्य भोगले. त्या सातांतली पहिली ही.

हे डॉनकॅस्टरला घडत होते तेव्हा हिंदुस्थान स्वतंत्र होऊन एक महिना झाला होता, आणि आमचा जिल्हा मात्र स्वतंत्र नव्हता. उस्मानाबाद निजामाच्या अमलाखाली होते. रझाकारांच्या जुलमाने गावे ओस पडत होती. स्वातंत्र्यसैनिक सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीच्या बाजूस छावण्या उभारीत होते. पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गास आले, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, आणि दुपारपर्यंत जळकोटमार्गे उमरग्याला पोचले. मेडोज टेलरच्या वेळी ज्या रस्त्याने घोडेस्वार गेले असतील त्या रस्त्यावरून त्या दिवशी रणगाडे गेले. युद्धातून घोडा निवृत्त झाला होता. राजेरजवाड्यांचे राज्यही संपत आले होते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. तत्पूर्वी त्यांचा आणखी एक घोडा, माय बाबू, याने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली होती. माय बाबू सयाजीरावाहून चपळ होता, आणि पुढे त्याचा मुलगा अवर बाबू यानेही १९५५ मध्ये तीच शर्यत जिंकली. त्याची हकीकत स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, म्हणून येथे आवश्यक तेवढीच दिली आहे.

सयाजीराव १९४८ मध्ये रॉयल ॲस्कॉटला हार्डविक स्टेक्स जिंकून पैदाशीच्या कामाला लागला. येथून या ग्रंथाचा उत्तरार्ध सुरू होतो, आणि मला स्वतःला तो पूर्वार्धाहून अधिक मोलाचा वाटतो. शर्यतीत घोडा आपल्या अंगी असलेले देतो. पैदाशीत तो आपल्या पूर्वजांनी दिलेले पुढे सोपवतो, आणि काय सोपवतो ते कोणालाही आधी सांगता येत नाही. नेआर्कोच्या मुलांपैकी नासरुल्लाने वेग आणि तापट स्वभाव दिला. नियार्क्टिकने आपल्या नॉर्दर्न डान्सर या मुलाच्या द्वारा जगातील जवळजवळ प्रत्येक थरोब्रेडाच्या रक्तात प्रवेश केला. आज पुण्याला किंवा महालक्ष्मीला धावणाऱ्या घोड्यांची वंशावळ उलगडत गेल्यास नेआर्कोचे नाव आल्यावाचून सहसा राहत नाही. सयाजीरावाने दिला तो दम. त्याची संतती लवकर पिकत नसे, दोन वर्षांच्या वयात फारशी चमकत नसे, आणि ज्या मालकाला धीर नाही त्याने ती ठेवण्यात अर्थ नव्हता. ज्यांना धीर होता त्यांना मात्र भरभरून मिळाले.

या संततीत सर्वांत थोर १९५३ मध्ये जन्मलेली ग्लॅडनेस. तिचे मालक जॉन मक्शेन हे अमेरिकेतील इमारतबांधणीचे मोठे ठेकेदार, वॉशिंग्टनजवळचे पेंटॅगॉन उभारणारे. तिचे ट्रेनर आयर्लंडचे व्हिन्सेंट ओब्रायन. अंगाने मोठी, हाडापेराने दणकट अशी ही घोडी पाच वर्षांची झाली तेव्हा तिचे दिवस खरे उगवले. १९५८ मध्ये तिने ॲस्कॉट गोल्ड कप, गुडवुड कप आणि एबॉर हँडिकॅप या तिन्ही शर्यती जिंकल्या. पहिल्या दोन दीर्घ पल्ल्याच्या, पैकी ॲस्कॉटची अडीच मैलांची. तिसरी यॉर्कची, जिच्यात दुर्बळ घोड्यांना संधी मिळावी म्हणून बलवानांच्या पाठीवर वजन वाढवतात. ग्लॅडनेसच्या पाठीवर ९ स्टोन ७ पौंड, म्हणजे सुमारे साठ किलोंचा भार ठेवला गेला, आणि तो घेऊन ती जिंकली. एका घोडीने एका उन्हाळ्यात एवढे करणे ही असामान्य गोष्ट आहे. गोल्ड कपमध्ये तिच्यावर तरुण लेस्टर पिगट होता, आणि ओब्रायन-पिगट या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जोडीच्या थोर विजयांची सुरुवात सयाजीरावाच्या मुलीच्या पाठीवर झाली.

ग्लॅडनेसमागून लिंक्रिस आली; तिने १९६० मध्ये आयरिश ओक्स, यॉर्कशायर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर अशा तीन मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि या तिसऱ्या शर्यतीत बापाचा गुण सर्वांत स्पष्ट दिसला. 'आय से' हा मुलगा १९६५ च्या डर्बीत, सी बर्ड या विसाव्या शतकातील अत्युत्कृष्ट घोड्यांत गणल्या जाणाऱ्या घोड्याच्या मागे तिसरा आला, आणि पुढच्या वर्षी त्याने एप्समचा कॉरोनेशन कप जिंकला. बाप १९४७ मध्ये जेथे तिसरा आला तेथेच मुलगा तिसरा यावा, आणि त्यानेही वाढत्या वयाबरोबर सुधारावे, हा योगायोग म्हणावा की रक्ताचा गुण, हे मी वाचकांवर सोपवितो; माझा कल दुसऱ्या बाजूस आहे.

तरीही सयाजीरावाचा पुरुषवंश पुढे भरभराटीस आला नाही, हे मान्य केले पाहिजे. १९६० नंतर शर्यतीचे अर्थकारण बदलले. मालकांना गुंतवलेला पैसा लवकर परत हवा झाला. दोन वर्षांच्या वयात मैलाच्या आत चमकणाऱ्या घोड्यांचे मोल वाढले, आणि अडीच मैल धावणारा घोडा पैदाशीला ठेवणे तोट्याचे मानले जाऊ लागले. लेजर जिंकलेल्या किती तरी उत्तम घोड्यांच्या कुळांना या बदलाने ओहोटी लागली. माझ्या मते ही थरोब्रेड जातीची हानी आहे. वेग वाढवीत गेल्याने हाडे व फुप्फुसे यांची मजबुती आपोआप टिकत नाही; ती राखावयाची तर सयाजीरावासारख्या घोड्यांना कुरणात जागा द्यावी लागते.

त्याचे रक्त टिकले ते मुलींच्या द्वारे. पैदासशाळेत नराच्या नावाचा डंका वाजतो, कारण तो एका हंगामात अनेक घोड्यांना फळवतो आणि त्याची शिंगरे देशोदेशी विखुरतात. घोडी अकरा महिने गर्भ वागवून वर्षाला एकच शिंगरू देते, आणि म्हणून तिची गोष्ट सहसा दोन ओळींत उरकली जाते. पण ग्लॅडनेस शर्यतीतून निवृत्त झाल्यावर तिचा संबंध मक्शेन यांच्याच बॅलिमॉस या, लेजर आणि पॅरिसची आर्क जिंकलेल्या, घोड्याशी झाला, आणि त्यांची मुलगी मेरी मेट हिने १९६६ मध्ये आयरिश ओक्स जिंकली. ही शर्यतही कराघलाच होते.

या विषयावर लिहिताना जुगाराचा प्रश्न टाळता येत नाही. रेसच्या नादाने मोडलेले संसार महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. पगाराचा दिवस आणि शर्यतीचा दिवस एक आला म्हणजे काय होते हे मुंबईच्या गिरणगावाला सांगावयास नको. त्या व्यसनाचे समर्थन या ग्रंथात कोठेही सापडणार नाही, आणि पैजेच्या भावांचा उल्लेख निकाल समजण्यास आवश्यक तेवढाच केला आहे. माझा विषय जनावर आहे; ते जोपासणारे मोतद्दार, नालबंद, ट्रेनर आणि जॉकी आहेत; आणि पिढ्यान्‌पिढ्या न चुकता लिहिलेली ती वही आहे.

पैदाशीच्या व शर्यतीच्या परिभाषेत जेथे मराठीत रुळलेले शब्द आहेत तेथे ते वापरले आहेत, आणि जॉकी, ट्रेनर, हँडिकॅप, लेंथ यांसारखे रेसकोर्सवर मराठी माणसाच्याच तोंडी असलेले शब्द तसेच ठेवले आहेत. अंतरे मैल व फर्लांगांत दिली आहेत, कारण ज्या शर्यतींचे हे वर्णन आहे त्या तशाच मोजल्या जात. वंशावळी प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी दिल्या असून त्या वाचताना पित्याच्या ओळीकडे जाण्याआधी मातेची ओळ वाचावी, अशी वाचकांस विनंती आहे; घोडीची गोष्ट दोन ओळींत उरकली जाऊ नये, याच कारणाने या ग्रंथाचे पहिले प्रकरण नेआर्कोचे नसून, गाभण असता विकल्या गेलेल्या रोझी लेजेंडचे आहे.